शेक घेऊन राहिली

नागपूरहून परतलेल्या माणसाला पुण्यात दोनच गोष्टी विचारतात: संत्री आणली का, आणि ऊन सोसलं का. संत्री आणली नाहीत, आणि नोव्हेंबरात तिथे सकाळी स्वेटर लागतो. एवढ्यावर ज्यांचं समाधान होतं त्यांनी पुढे वाचू नये. मी तिथे फिरायला गेले नव्हते. लोकांच्या गालांची आतली बाजू खरवडायला गेले होते, आणि त्या दहा दिवसांत मला ज्या व्यक्तीचा सगळ्यात जास्त तिटकारा आला ती पुण्याहून माझ्याच तिकिटावर गेली होती.

मी प्रयोगशाळेत पेशी तपासते. पंधरा वर्षं तेच करते आहे. आमच्या साहेबांना त्या वर्षी एक निर्देशांक सापडला होता. निर्देशांक हा शब्द त्यांचा. तोंडात कॅन्सरची गाठ असली की किरणांचे उपचार सुरू करण्याआधी गाठीवरून लाकडी पट्टीनं हलकंसं खरवडायचं आणि ते काचेवर पसरायचं. दहा वेळा किरण देऊन झाले की पुन्हा तसंच. मग दोन्ही काचा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी पाहायच्या. किरणांनी घायाळ झालेल्या पेशी फुगतात, त्यांच्या पोटात पोकळ्या पडतात, एकाच पेशीत दोन-दोन तीन-तीन केंद्रकं दिसतात. अशा पेशी भरपूर मोजता आल्या तर गाठ किरणांना दाद देते आहे असं समजायचं. मोजक्याच सापडल्या तर ती दाद देत नाही आणि पुढचे किरण वाया.

कल्पना वाईट नव्हती. मला आजही ती वाईट वाटत नाही. पण साहेबांनी तिचं पंचांग करून टाकलं होतं. कागदावर एक रेघ आखली होती, रेघेच्या वरचे बरे होणार, खालचे नाही. ही रेघ दिल्लीच्या परिषदेत मिरवायची तर पुण्याबाहेरच्या काचाही हव्यात, म्हणून नागपूर. साहेब स्वतः आले नाहीत. त्यांना रेल्वेचा प्रवास सोसत नाही. दिल्लीचा विमानाचा सोसतो.

सोमवार

गाडीतल्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं एवढंच की काचा मी दोन साड्यांत गुंडाळून नेल्या होत्या, त्या शाबूत राहिल्या, आणि नारिंगी रंगाची बाटली तेवढी फुटली. नागपूर स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या पांढऱ्या साडीचा पदर संत्र्यासारखा झाला होता. सायकलरिक्षावाल्यानं तो पाहिला, पण विचारलं काही नाही. पुण्यात असतं तर त्यानं कारण विचारून वर सल्लाही दिला असता.

किरणोपचाराच्या विभागात कोबाल्टचं एक मशीन होतं आणि त्याच्यासमोर व्हरांडाभर माणसं. विभागाचे डॉक्टर पन्नाशीचे, सभ्य, थकलेले. त्यांनी मला चहा दिला आणि पहिल्याच घोटाला मुद्द्यावर आले.

"तुमच्या काचांची मी वाट पाहतोय. मशीन एक आहे. ज्यांना उपयोग नाही त्यांना सोडून रांगेतल्यांना घेता येईल."

मी म्हटलं, "साहेबांनी याला अजून प्रयोगच म्हटलंय."

"माझी रांग प्रयोग नाही ना," डॉक्टर म्हणाले.

हे ऐकून मी घाबरायला हवं होतं. मी खूश झाले. पंधरा वर्षं मोजत बसलेल्या बाईच्या आकड्यावर कुणी काही ठरवणार, हे ऐकून मला शिंगं फुटली.

प्रयोगशाळेत माझ्या दिमतीला रामटेके नावाचे सहायक होते. चाळिशीचा, नेटका माणूस, बोटांवर रंगांचे कायमचे डाग. आधीच्या काचा, म्हणजे उपचार सुरू होण्यापूर्वीच्या, त्यांनी तीन महिने जमवून नावानिशी लावून ठेवल्या होत्या. मी त्यांच्या पेट्या उघडून अक्षर पाहिलं आणि मनातल्या मनात त्यांना पास केलं. हा असला माझा स्वभाव आहे, तो लपवत नाही.

मंगळवार

सकाळी रामटेके मला पोह्यांच्या गाडीवर घेऊन गेले. पोह्यांवर गाडीवाल्यानं हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतला. याला तर्री म्हणतात. पुण्यात पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबू पडतं, आणि एकदा भिजवलेले पोहे पुन्हा बुडवण्याची गरज कुणाला वाटत नाही, असं मी ऐकवलं. मग दुसरी प्लेट मागितली.

दुपारी त्यांनी कॅन्टीनमधून सांबारवडी आणवली. मी म्हटलं, मला मद्रासी जेवण चालत नाही. रामटेके शांतपणे म्हणाले, "मॅडम, सांबार म्हणजे कोथिंबीर." कोथिंबिरीला सांबार. मी इतकी हसले की चहा सांडला. त्याच दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर मी मथळा घातला, 'इथले गमतीचे शब्द', आणि खाली सांबार, काहून म्हणजे का, कायले म्हणजे कशाला, अशी यादी सुरू केली. माझा समज असा होता की शब्दांची यादी केली म्हणजे बोली आली. बाकीचं मराठी काय, एकच.

त्यातून विभागातली शिकलेली माणसं माझ्याशी जपून बोलत. पुण्याच्या बाईसमोर ती एक तर हिंदीत शिरत, नाही तर व्याकरणाच्या पुस्तकातली वाक्यं काढत. त्यामुळे त्यांची खरी क्रियापदं माझ्या कानावर पडलीच नाहीत.

मला आता दहा किरण पुरे झालेले रुग्ण हवे होते. किती झाले याची नोंद प्रत्येकाच्या कार्डावर असते, आणि कार्डं मशीनच्या खोलीतल्या कपाटात. कपाटाचा कारकून लग्नाला गेलेला. रामटेके म्हणाले, मशीनवरच्या माणसाकडून दुपारून किल्ली आणतो. मी नाक मुरडलं. सरकारी कपाटांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी म्हटलं, "कार्डं कशाला? माणसं समोरच आहेत. मी विचारते."

रुग्णालयासमोर एक धर्मशाळा आहे. लांबून आलेले रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे उतरतात, तीन विटा मांडून स्वयंपाक करतात. किरणांना इथे कुणी किरण म्हणत नाही, शेक म्हणतात. पहिल्या दहाची फेरी संपली की काही जण घरी जाऊन येतात, काही तिथेच राहतात. मी वही घेऊन फिरले. "शेक झाले का?" एवढा एकच प्रश्न. बहुतेकांनी मान हलवून किंवा बोटं दाखवून उत्तर दिलं.

पारबताबाई भिंतीला टेकून बसली होती. पन्नाशीची, बारीक, हातात हिरव्या बांगड्या, उजवा गाल सुजलेला. पारशिवनीपलीकडच्या एका गावची. गालात तंबाखू धरायची सवय होती, तिथेच गाठ. तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. नवरा कवडू शेजारी पेज गार करत होता. तिचं जेवण म्हणजे तेवढंच.

"शेक झाले का?" मी विचारलं.

"शेक घेऊन राहिली ना जी," ती म्हणाली.

मी वहीत लिहिलं: 'शेक झाले. इथेच राहते.' आणि तिला म्हटलं, "आ करा." तिला दुखलं असणार. तिनं डोळे मिटून घेतले आणि पट्टी बाहेर येईपर्यंत माझं मनगट धरून ठेवलं.

बुधवार, गुरुवार

बुधवारी निम्मा दिवस इतवारीत गेला. रंगवायच्या काचेच्या बरण्यांपैकी प्रयोगशाळेत दोनच धड होत्या. इतवारीच्या भांड्यांच्या गल्लीत हातगाड्या अंगावर येतात, टेम्पो मागून हॉर्न वाजवतात आणि दुकानदार मात्र गादीवर बसून सावकाश विचारतो, "कायचं लोणचं टाकणार, बाई?" मी लोणच्याच्या बरण्या घेतल्या. त्यांत स्पिरिट आणि रंग भरले. पुढे दिल्लीच्या निबंधात साहेबांनी 'प्रमाणित पात्रे' असं लिहिलं. त्या प्रमाणित पात्रांपैकी एकीला सांडशी लावून झाकण काढावं लागायचं.

गुरुवारी मी मोजलं. हे काम मला येतं, यात मी कुणाला हार जाणार नाही. एक-एक काच घ्यायची, पेशी एकेक पाहायची, फुगलेली की साधी, एक केंद्रक की जास्त, आणि बोटाखालचं यंत्र दाबायचं. बऱ्याच जणांच्या दुसऱ्या काचेत पेशी टम्म फुगलेल्या होत्या. काहींच्या मधल्याच. पारबताबाईच्या दोन काचांत फरकच दिसेना. आधीची काच आणि नंतरची काच बहिणी शोभल्या असत्या. मी पुन्हा मोजलं. आकडा साहेबांच्या रेघेच्या पार तळाशी.

रामटेके मागून म्हणाले, "मॅडम, दहा शेकांनंतर एवढी साफ काच मी पाहिली नाही. कार्ड पाहू का?"

मी म्हटलं, "तिनं स्वतः सांगितलंय. माझ्या वहीत आहे."

ते आपल्या बरण्यांकडे वळले. पुण्याहून आलेल्या वहीपुढे त्यांनी आणखी काय बोलावं? संध्याकाळी मी यादी डॉक्टरांना दिली. दाद न देणाऱ्यांत दोन नावं. एक म्हातारा होता, तो आदल्या रात्रीच आपणहून निघून गेला होता. दुसरं नाव पारबताबाईचं.

शुक्रवार, शनिवार

शुक्रवारी डॉक्टरांनी यादीवरून सही केली आणि मशीनवरच्या माणसानं नाव कापलं. कार्ड डॉक्टरांच्या हाताशी होतं, त्यांनी उघडलं नाही. यादी पुण्याची होती ना. दुखण्याच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं.

शनिवारी मी सेमिनरी हिल्सवरून शहर पाहिलं आणि विभागातल्या लोकांपुढे निर्देशांकावर व्याख्यान दिलं. टाळ्या झाल्या. एका डॉक्टरीणबाईंनी येऊन विचारलं, उद्या काय करणार. मी म्हटलं, रामटेक्यांकडे जेवायला जाणार आहे. त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "जेवणार तिथं?" शहरात लाखो माणसांनी धर्म बदलून इतकी वर्षं झाली, बाईंच्या ताटाला अजून कळलेलं नव्हतं. मी म्हटलं, "दोनदा वाढून घेणार." याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला. माणसाची जात न पाहता त्याच्याकडे जेवणं एवढंच मला येत होतं. त्याच माणसानं कार्ड पाहू का म्हटल्यावर त्याचं ऐकणं आलं नव्हतं.

रविवार

बाराला या असं सांगितलं होतं. मी कामठी रोडकडे पत्ता चुकले, दोन रिक्षा बदलल्या आणि पोचले तेव्हा दीड होऊन गेला होता. दारात रामटेक्यांच्या बायको आल्या, सुमनबाई. पदराला हात पुसत हसून म्हणाल्या, "या ना जी, आमी जेवून राहिलो."

मला राग आला. खरं सांगते, चांगलाच आला. पाहुणी यायच्या आत जेवून मोकळे? पुण्याची म्हणून आमची बदनामी करतात आणि हे काय? मी म्हटलं, "असू द्या, मीही जेवूनच आले," आणि बाहेरच्या खाटेवर बसून राहिले. पोटात कावळे. आतून पाटवडीच्या रश्शाचा वास. सुमनबाई दोनदा येऊन गेल्या, "एक घास तरी घ्या," म्हणाल्या. मी दोनदा नाही म्हटलं. मान ताठ ठेवायला भूक असली की बळ येतं.

मग दाराचा पडदा वाऱ्यानं हलला. आत बुद्धाच्या तसबिरीखाली रामटेके आणि त्यांच्या दोन मुली पाटावर बसल्या होत्या. ताटं भरलेली. रामटेके भाकरी मोडत होते. एक रिकामा पाट, वाढलेलं ताट, त्यावर झाकण.

मी आत जाऊन म्हटलं, "तुम्ही तर जेवला होतात ना?"

"नाही जी," सुमनबाई म्हणाल्या. "जेवून राहिले."

"म्हणजे जेवले."

"जेवले कायले? जेवून राहिले. पाहून राहिल्या ना तुमी?"

थोरली मुलगी शाळेत पहिली येणारी असावी. तिनं मला समजावलं. "काकू, जेवून राहिले म्हणजे जेवत आहेत. मी लिहून राहिली म्हणजे मी लिहीत आहे. आमच्या पुस्तकात तसं नाही, पण घरी तसंच."

सगळे हसले. मीही हसले, पाटावर बसले, रस्सा भातावर घेतला. रस्सा झणझणीत होता, डोळ्यांत पाणी आलं, सुमनबाईंनी ताक पुढे केलं. मी वहीच्या शेवटच्या पानावर हा नवा गमतीचा प्रकार कसा लिहावा याचा विचार करत होते. चौथा घास मी उचलला, आणि तसाच ताटात परत ठेवला.

शेक घेऊन राहिली ना जी.

"रामटेके," मी म्हटलं, "शेक घेऊन राहिली, म्हणजे काय?"

त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. त्यांना लगेच कळलं, कोण आणि काय. ते पुस्तकी मराठी विसरले. "शेक चालू हायेत. घेत हाये. कोन मनलं, पारबताबाई?"

"हो."

"अन् तुमी झाले लिवलं?"

मी मान हलवली. ते ताटावरून उठले. त्यांच्या मागोमाग मीही.

डॉक्टर दुपारची झोप घेत होते. त्यांना उठवलं. विभागात जाऊन कार्ड काढलं. शेक सोमवारी सुरू झाला होता. मी मंगळवारी तिच्या गालातून काच घेतली तेव्हा तिला एकच शेक मिळाला होता. एका शेकानं कुठल्या पेशी फुगतात? गुरुवारपर्यंत चार झाले आणि शुक्रवारी आम्ही तो बंद केला. एक शिकलेला डॉक्टर, एक शिकलेली मी, एक साहेब पुण्यात, एक रेघ कागदावर, आणि पाच हातांवर पडलेलं हे कार्ड.

डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि मशीनची यादी काढली. "तिच्या जागी उद्यापासून दुसरं नाव घातलंय," ते म्हणाले. "मंगळवारपर्यंत आली तर बसवतो. त्यापुढे नको. मधे खंड पडला की गाठ पुन्हा सावरते."

"मी आणते," मी म्हटलं.

"तार करू?"

"तारेत काय लिहिणार, डॉक्टर? क्रियापद चुकलं?"

पारशिवनी

सोमवारी पहाटे रामटेके आणि मी एस.टी.नं निघालो. रस्ता मला आठवत नाही. प्रवासवर्णनात रस्ता आठवायला हवा हे मला ठाऊक आहे. पारशिवनीला उतरलो, चहा न घेता पुढे बैलगाडीनं आणि मग बांधांवरून पायी. धान कापणी चालू होती. शेतं निम्मी पिवळी, निम्मी मोकळी. रामटेके वाटेत भेटेल त्याला विचारत होते आणि लोक बोटानं दाखवत होते. आम्हा दोघांना पाहून प्रत्येकाला वाटत होतं की आम्ही वाईट बातमी घेऊन चाललो आहोत. वाईट बातमी आम्ही आधीच धाडली होती.

पारबताबाई अंगणात सुपातले तांदूळ निवडत होती. आम्हाला पाहून उठली नाही. कवडू घरातून बाहेर आला.

रामटेक्यांनी त्याला सांगितलं, शेक पुन्हा सुरू करायचा आहे, आजच चला.

"परवा मनता जा, आज मनता या," कवडू म्हणाला. "काहून गा? बाई काय चेंडू हाये?"

रामटेके माझ्याकडे पाहू लागले. ते सांगू शकले असते. कपाटाचा घोटाळा, कागद इकडचा तिकडे, काहीही. त्यांनी माझ्यासाठी वाट मोकळी ठेवली होती. मी मध्येच म्हटलं, "चूक माझी आहे. यांची नाही, डॉक्टरांची नाही. मी काच चुकीच्या दिवशी घेतली."

"त्या मशीनवरच्या बाबूले म्या मनलं," पारबताबाई म्हणाली. तोंड उघडत नव्हतं, त्यामुळे शब्द दातांतून येत होते. "चारच झाले ना, मनलं. तं थो मने, काचेत दिसलं."

"काचेत काही दिसलं नव्हतं. तुम्ही शेक घेऊन राहिली म्हणालात, मला वाटलं, सगळे घेऊन झाले आणि तुम्ही इथेच राहता. मला तुमचं बोलणं कळलं नाही."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "म्या तं मराठीतच सांगतलं."

"हो."

"मंग एक डाव पुन्हा इचाराचं, बाई. म्या का कुठी पयत होती?"

मी आजवर बरीच बोलणी खाल्ली आहेत, साहेबांची तर रोज. त्यातलं काही मनाला लागत नाही. हे लागलं. ती चिडून बोलली नव्हती. खरंच विचारत होती. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

कवडू अजून दारातच होता. "धान पडलं हाये वावरात," तो म्हणाला. "एक महिना तिकडं बसू, अन् उद्या काच आनखी काई मनली तं?"

काच खरं सांगतेच असं मी त्याला कशी सांगणार होते? मी म्हटलं, "काच काय म्हणते ते मला नक्की माहीत नाही. शेक अर्धा सोडला तर काय होतं ते माहीत आहे."

पारबताबाईनं आम्हा दोघांना विचारलं, "तुमी जेवल्या काय?"

आम्ही नाही म्हटलं. तिनं चुलीवरचा भात आणि वरण आमच्यापुढे वाढलं, हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला. स्वतः वाटीत पेज घेतली आणि ओठांच्या फटीतून चोखू लागली. आम्ही जेवलो. तिच्यासमोर घास चावताना मला माझ्या दातांची लाज वाटली. मधेच ती थांबून माझ्या ताटाकडे पाहायची. ठेच्याकडे पाहायची.

पेज संपल्यावर तिनं वाटी विसळून पालथी घातली आणि कवडूला म्हणाली, "लुगडं अन् घोंगडी बांध. धान भाऊ कापन."

कवडू गाठोडं बांधायला आत गेला.

परत

तिला मंगळवारी मशीनवर घेतलं. मला बुधवारची गाडी होती. निघताना धर्मशाळेत गेले तेव्हा ती झोपली होती, म्हणून काही बोलणं झालं नाही. 'इथले गमतीचे शब्द' ते पान मी गाडीत फाडलं. ते फाडून काय साधलं, असं कुणी विचारलं तर काहीही नाही. लेखणी हाती असली की माणूस असली नाटकं करतो.

साहेबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ती नोंद वगळायची ना?" मी हो म्हटलं. दिल्लीच्या निबंधात पारबताबाई नाही. 'अनियमित नोंदी वगळल्या' अशा तीन शब्दांत ती आणि मी दोघी आहोत. निबंध चांगला झाला म्हणे. रेघेचं कौतुक झालं. त्या रेघेचा आकडा कुणाच्या कानांतून आणि कुठल्या बोलीतून येतो, हे कुणी विचारलं नाही, आणि साहेबांनी सांगितलं नाही.

डिसेंबरात रामटेक्यांची पेटी आली. बिस्किटांच्या डब्यात कापूस, कापसात एक काच, आणि चिठ्ठी. चिठ्ठीत एवढंच: 'पारबताबाईचे दहा शेक झाले. झाले म्हणजे झाले.' मी दार लावून घेतलं आणि मोजलं. पेशी टम्म फुगल्या होत्या, पोटात पोकळ्या, केंद्रकं दोन-दोन. आकडा रेघेच्या बराच वर. गाठ पहिल्यापासून दाद देणारीच होती. दाद आम्ही दिली नव्हती.

तरी मला धीर येईना. काचेवरून माणसाचं काय होतं हे सांगायची माझी हौस फिटली होती. उन्हाळ्यात मी रामटेक्यांना कार्ड टाकलं. काचेचं नको, बाईचं कळवा. ती कशी आहे?

ते स्वतः पारशिवनीला जाऊन आले. उत्तर पोस्टकार्डावर आलं, त्यांच्या नेटक्या अक्षरात, पण पुस्तकी मराठीत नाही. एकच ओळ होती.

'पारबताबाई जेवून राहिली.'

मी ती दोन्ही बोलींत वाचली.